पेन ड्राइव्ह घेताना: आधी पूर्ण भरून पाहा, मग भरवसा ठेवा

नवा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, पडद्यावर ६४ किंवा १२८ जीबीच्या आसपासचा आकडा दिसला, की खरेदी झाली असं आपण समजतो. पण तो आकडा कॉम्प्युटरने मोजलेला नसतो. पेन ड्राइव्हच्या आत एक छोटी कंट्रोलर चिप असते. ‘माझ्याकडे इतकी जागा आहे’ असं ती सांगते आणि कॉम्प्युटर ते जसंच्या तसं दाखवतो. कंट्रोलर खोटं सांगत असेल तर पडद्यावरही खोटंच दिसतं. बाजारातली बहुतेक फसवणूक नेमकी याच जागी होते, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तपासणीला दिली आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत, पण त्याही क्रमाने घेऊ.

१. काम आधी ठरवा, जीबी नंतर

दुकानात पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ असाच येतो. त्याचं उत्तर घरूनच ठरवून निघा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला किंवा कागदपत्रं इकडून तिकडे न्यायला १६ किंवा ३२ जीबी भरपूर झाले. गाडीच्या स्टिरिओसाठी किंवा घरातल्या भजनाच्या स्पीकरसाठी ३२ जीबीच्या वर जाऊ नका. त्याचं कारण फॉरमॅटच्या पायरीत येईल. फोनमधले फोटो उतरवून घ्यायचे असतील, लग्नाचे व्हिडिओ नातेवाइकांकडे न्यायचे असतील, तर ६४ किंवा १२८ जीबी घ्या. विंडोज नव्याने टाकण्यासाठी किमान ८ जीबी लागतात, आणि तो पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवलेला बरा, कारण तो तयार करताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

रोज मोठ्या फाइलींवर काम करायचं असेल, थेट बाहेरच्या ड्राइव्हवरूनच व्हिडिओ एडिट करायचे असतील, तर पेन ड्राइव्ह घेऊच नका. थोडे जास्त पैसे घालून पोर्टेबल एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची वेगवान डिस्क घ्या. पेन ड्राइव्ह सतत लिहिण्या-पुसण्यासाठी बनवलेला नसतो, आणि तशा कामात तो तापतो, मंदावतो आणि लवकर जातो.

जागेबद्दल आणखी एक खुलासा. पाकिटावर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोजमध्ये ५७ ते ५९ जीबी दिसतात. यात फसवणूक नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. त्या हिशोबाने ६४चे साधारण ५९.६ होतात, आणि थोडी जागा ड्राइव्ह स्वतःच्या कामासाठी राखून ठेवतो. १२८ जीबीच्या ड्राइव्हवर ११४ ते ११९ दिसले तर तेही बरोबरच आहे.

२. पिन आणि वेग

तुमच्या लॅपटॉपला आणि फोनला कोणती भोकं आहेत ते आधी पाहा. जुनी, चौकोनी, एकाच बाजूने बसणारी पिन म्हणजे टाइप-ए. चपटी, लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारी टाइप-सी. नव्या फोनना आणि कित्येक नव्या लॅपटॉपना टाइप-सीच असतं, तर झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला बहुधा टाइप-ए. दोन्हीकडे वापर होणार असेल तर दोन टोकांना दोन पिना असलेला ‘ड्युअल’ ड्राइव्ह घ्या. साधा ड्राइव्ह फोनला लावण्यासाठी वेगळा ओटीजी जोडही मिळतो, पण एवढीशी वस्तू नेमकी गरजेच्या वेळी सापडत नाही.

वेगाच्या बाबतीत पाकिटावरची नावं नवख्या माणसाला गोंधळात टाकतात. २००८मध्ये आलेल्या यूएसबी ३.०चं पुढे ‘३.१ जेन १’ असं नाव झालं आणि मग ‘३.२ जेन १’. तिन्हींचा वेग तोच आहे, सेकंदाला ५ गिगाबिट. त्यामुळे एकावर ३.० आणि दुसऱ्यावर ३.२ जेन १ छापलेलं असेल तर त्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. यूएसबी २.० मात्र खरोखरच जुनं आहे: कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (८ बिटचा एक बाइट, म्हणजे ६० एमबी), प्रत्यक्षात ३० ते ३५ एमबीच्या पुढे फारसं जात नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाकिटावर ठळक छापलेला ‘१०० एमबी प्रति सेकंदापर्यंत’ हा आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्याचा वेग बहुतेक पाकिटांवर छापलेलाच नसतो, आणि वाट पाहायला लागते ती लिहितानाच. २० जीबीचे व्हिडिओ सेकंदाला ८ एमबी या गतीने लिहायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. ४० एमबीने साधारण ८ मिनिटांत काम होतं. खरेदीआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा लिहिण्याचा वेग दिलाय का ते शोधा. तिथेही नसेल तर तो कमी आहे असं धरून चाला.

सुरुवातीचे दोन-चार जीबी झरझर जातात आणि मग वेग एकदम पडतो, असं दिसलं तर घाबरू नका. आजच्या स्वस्त चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या एकेका सूक्ष्म पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात. तसं लिहायला वेळ लागतो, म्हणून काही ड्राइव्ह आधी थोड्या जागेत झटपट एकेक बिट लिहून घेतात. ती जागा भरली की खरा वेग समोर येतो.

३. कोणाचा घ्यायचा आणि कुठून

पेन ड्राइव्हमध्ये असते ती नँड फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि १९८७मध्ये जगापुढे मांडली. आज ही मेमरी स्वतः बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत: सॅमसंग, तोशिबातूनच वेगळी झालेली किऑक्सिया, तिच्यासोबत उत्पादन करणारी सॅनडिस्क, मायक्रॉन, एसके हायनिक्स आणि चीनची वायएमटीसी. किंग्स्टन, ट्रान्सेंड यांसारख्या कंपन्या चिप विकत घेऊन ड्राइव्ह बनवतात, आणि त्यांचाही लौकिक चांगला आहे. नवख्या माणसाने या ओळखीच्या नावांतलं एखादं मॉडेल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कधीही न ऐकलेल्या नावाचा ड्राइव्ह शंभर रुपयांनी स्वस्त मिळाला तरी त्यात बचत नाही. ते शंभर रुपये तुमच्या फोटोंच्या जिवावर वाचवलेले असतात.

तरीही नुसत्या नावावर विसंबू नका. जर्मनीतल्या सीबीएल या डेटा परत मिळवून देणाऱ्या कंपनीने २०२४च्या सुरुवातीला सांगितलं, की तिच्याकडे बिघडून आलेल्या अनेक यूएसबी ड्राइव्हमध्ये उत्पादकाचं नाव खरवडून काढलेल्या, दर्जा तपासणीत नापास झाल्यासारख्या दिसणाऱ्या चिप सापडत आहेत. काहींच्या आत तर सरळ मायक्रोएसडी कार्डच पट्टीवर डकवलेलं होतं. त्यांतले बरेच ड्राइव्ह जाहिरातीसाठी वाटलेले होते, पण सगळे नव्हते. परिषदेत, कार्यशाळेत किंवा दिवाळीच्या भेटीत मिळालेला पेन ड्राइव्ह आनंदाने घ्या, पण त्यावर एखादी फाइल इकडून तिकडे नेण्यापलीकडे काही सोपवू नका.

फार चिमुकले, नखाएवढे ड्राइव्हही मी सहसा सुचवत नाही. ते हरवतात, लहान धातूच्या कवचामुळे चटकन तापतात, आणि त्यांत कंट्रोलर आणि मेमरी एकाच तुकड्यात ओतलेली असल्यामुळे बिघडल्यावर डेटा काढणं फार अवघड आणि खर्चिक होतं. गाडीच्या स्टिरिओला कायमचा लावून ठेवायला मात्र तोच आकार सोयीचा, कारण तिथे गेलं तर गाणीच जातात. नेहमीच्या वापरासाठी बोटभर लांबीचा, पिन आत सरकणारा किंवा टोपण असलेला, अडकवायला भोक असलेला ड्राइव्ह बघा. काम चालू असताना लुकलुकणारा छोटा दिवा असेल तर फारच छान. काढायची वेळ झाली की नाही ते त्यावरून कळतं.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा तालुक्याच्या गावी, पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, आयात किंवा उत्पादनाचा महिना-वर्ष, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असला पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालावर हा मजकूर कायद्यानेच लागतो. नावाजलेल्या ब्रँडच्या नकली मालात बहुधा हीच पट्टी गायब असते किंवा छपाई फिकी असते. ऑनलाइन घेताना संकेतस्थळ मोठं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्या वस्तूखाली ‘विक्रेता’ म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा, आणि परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते टिपून ठेवा. पुढची पायरी त्या मुदतीच्या आत पार पाडायची आहे.

४. पूर्ण भरून तपासा

चारशे-पाचशे रुपयांत २ टीबीचा, म्हणजे २००० जीबीचा पेन ड्राइव्ह, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. २ टीबीचा खरा पेन ड्राइव्ह अस्तित्वात आहे. किंग्स्टनने २०१७मध्ये तो आणला होता, पण तो अतिशय महाग होता. चारशे रुपयांत जे येतं त्याच्या आत साधारण ८, १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरमधला प्रोग्राम बदलून त्याला ‘मी २ टीबीचा आहे’ असं म्हणायला शिकवलेलं असतं. ६४ आणि १२८ जीबीच्या नकली मालातही हीच युक्ती असते, फक्त आकडा विश्वास बसेल इतका बेताचा ठेवलेला असतो. त्यामुळे तो ओळखणं आणखी कठीण.

असा ड्राइव्ह सुरुवातीला अगदी नीट चालतो, आणि त्यातच खरा धोका आहे. पहिले ८ जीबी फोटो टाकता, ते उघडतात, तुमचा विश्वास बसतो. खरी जागा संपली की पुढचं सगळं एक तर कुठेच लिहिलं जात नाही, किंवा वही संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून लिहीत सुटावं तसं जुन्यावर नवं लिहिलं जातं. कॉपी होताना कुठलीही चूक दिसत नाही. फाइलींच्या नावांची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून फोल्डर उघडल्यावर सगळी नावं, अगदी आकारासकट, दिसतात. फोटो उघडायला गेल्यावरच आत काहीच नाही हे कळतं. तोपर्यंत फोनमधले मूळ फोटो पुसून झालेले असतात.

यावर खात्रीचा उपाय एकच: ड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि जे लिहिलं तेच परत वाचता येतंय का ते पाहायचं. त्यासाठी फुकट साधनं आहेत.

विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ वापरा. जर्मनीतल्या ‘सी-टी’ या संगणकविषयक नियतकालिकाने उपलब्ध करून दिलेला हा जुना, छोटासा प्रोग्राम आहे. इन्स्टॉल करावा लागत नाही. उघडल्यावर भाषा जर्मन असेल तर इंग्रजी निवडा, मग ‘सिलेक्ट टार्गेट’ दाबून तुमचा पेन ड्राइव्ह निवडा. इथे घाई करू नका, ड्राइव्हच्या नावाशेजारचं अक्षर (E:, F: असं) दोनदा तपासा. ड्राइव्ह रिकामा असू द्या, सगळी जागा तपासण्याचा पर्याय तसाच ठेवा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. प्रोग्राम १-१ जीबीच्या फाइली लिहून ड्राइव्ह भरतो आणि मग त्या सगळ्या परत वाचून ताडून पाहतो. ६४ जीबीच्या यूएसबी २.० ड्राइव्हला याला दोन-अडीच तास सहज लागतात. रात्री जेवायला बसण्यापूर्वी लावून द्या. लॅपटॉप मध्येच झोपणार नाही अशी सेटिंग मात्र करून ठेवा.

शेवटी ‘टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स’ असं आलं तर ड्राइव्ह चांगला आहे. त्या फाइली पुसून टाका आणि वापरायला लागा. लिहिण्याचा आणि वाचण्याचा सरासरी वेगही तिथेच दिसतो, तो टिपून ठेवा. ‘डेटा लॉस्ट’ असे शब्द दिसले, किंवा ६४ पैकी आठ-दहा जीबीच ‘ओके’ आले, तर पडद्याचा फोटो काढा आणि बिलासकट ड्राइव्ह परत करा. ‘फॉरमॅट करून बघा, ठीक होईल’ असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. नसलेली जागा फॉरमॅटने तयार होत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

लिनक्सवर आणि मॅकवर हेच काम ‘एफ३’ करतो. त्याचं पूर्ण नाव ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’. त्यात लिहिण्याची आज्ञा वेगळी आणि वाचण्याची वेगळी, आधी पहिली चालवायची, मग दुसरी. विंडोजसाठी ‘व्हॅलिड्राइव्ह’ नावाचं आणखी एक झटपट साधन २०२३मध्ये आलं. ते ड्राइव्हभर विखुरलेल्या ५७६ ठिकाणी लिहून-वाचून पाहतं आणि काही मिनिटांत नकली जागा उघडी पाडतं. दुकानातच लॅपटॉप उघडून पाहायचं असेल तर ते उत्तम. घरी आल्यावर संपूर्ण तपासणी तरीही कराच, कारण जागा खरी असून एखादा भाग खराब असेल तर तो पूर्ण भरल्यावरच सापडतो.

५. फॉरमॅट: एक छोटा निर्णय

फॉरमॅट म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. तपासणी झाली की ड्राइव्ह कुठे वापरणार त्यानुसार ती निवडा. फॅट३२ जवळपास सगळीकडे चालतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असूनही लग्नाचा लांबलचक व्हिडिओ कॉपी होत नाही, त्याचं कारण हेच. एक्सफॅटला ही अडचण नाही, आणि तो विंडोज, मॅक आणि २०१९नंतरचं लिनक्स या तिन्हींवर वाचता-लिहिता येतो. सर्वसाधारण वापरासाठी एक्सफॅटच ठेवा. एनटीएफएस फक्त विंडोजवर काम असेल तर. मॅक ते वाचतो पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही.

गाड्यांचे स्टिरिओ, जुने टीव्ही, भजनाचे स्पीकर यांना बहुधा फॅट३२च कळतो. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२चा पर्याय देत नाही, म्हणून अशा कामाला ३२ जीबीचा सल्ला वर दिला. गाण्यांच्या फाइलींची नावं देवनागरीत असतील तर जुन्या स्टिरिओवर नुसते चौकोन दिसतात. गाणी वाजतात, पण शोधता येत नाहीत.

६. वापरताना

प्रिंटसाठी वेगळा, लहान पेन ड्राइव्ह ठेवा आणि त्यावर फक्त लागणाऱ्या फाइली न्या, त्याही पीडीएफ करून. पीडीएफचा दुहेरी फायदा आहे: श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी विस्कटत नाही, आणि मूळ फाइल घरीच सुरक्षित राहते. दहा जणांचे ड्राइव्ह जिथे लागतात अशा कॉम्प्युटरवरून व्हायरस येण्याची शक्यता मोठी. घरी आल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही करू नका. तुमच्या फाइली बहुधा लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासा, मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा.

काढताना ‘इजेक्ट’ करा. २०१८च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्ह थेट काढला तरी सहसा चालेल अशी सोय मुळातच केलेली आहे, पण लिहिणं चालू असताना ओढून काढला तर फाइल जायचीच. मॅक आणि लिनक्सवर तर इजेक्ट केल्याशिवाय काढूच नका.

आणि उन्हापासून जपा. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते, तो भार कालांतराने झिरपतो आणि उष्णतेत लवकर झिरपतो. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ड्राइव्ह ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. याच कारणामुळे वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या फोटोंसाठी पेन ड्राइव्ह योग्य नाही. त्यावरच्या प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर असलीच पाहिजे.

७. बिघडायला लागला तर

ड्राइव्ह नेहमीपेक्षा फार संथ झाला, लावल्यावर मधूनच गायब होऊ लागला, किंवा त्यावर नवीन काही लिहिता येईना, फक्त वाचता येतंय, असं झालं की त्याचे दिवस भरत आले. फक्त वाचता येणं ही कित्येकदा कंट्रोलरने दिलेली शेवटची संधी असते. त्याच वेळी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, आणि आत महत्त्वाचं काही असेल तर आणखी प्रयोग न करता जाणकाराकडे द्या.

अनेक नामांकित कंपन्या ५ वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, पण ती ड्राइव्हची असते, त्यातल्या माहितीची नाही. शिवाय बंद पडलेला ड्राइव्ह तुम्हाला पुसताही येत नाही. तो तुमच्या आधार, पॅन आणि बँकेच्या कागदांसकट कंपनीच्या केंद्रात जातो. म्हणून असे कागद ठेवायचे असतील तर पहिल्या दिवसापासून ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर टू गो’ त्यासाठीच आहे. होम आवृत्तीत ते लावता येत नाही, पण लावलेला ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो. सगळीकडे चालणारा फुकट पर्याय हवा असेल तर ‘व्हेराक्रिप्ट’. बिटलॉकर लावताना ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की मिळते. ती कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा, त्याच पेन ड्राइव्हवर ठेवू नका.